डोळ्यांत तेल घालून

६ नोव्हेंबर

सकाळी व्हायोलिनवाल्यांचा काळा कोट उजेडात धरला आणि त्यावर काजळी उडालेली दिसली. मला वाटलं, समोरच्या बेकरीच्या धुराड्यातून आली असेल. ब्रश घेऊन झटकली. काजळी हलली, पण गेली नाही. ब्रशच्या मागे मागे फिरायला लागली. कोट उलटा केला. अस्तर राखाडी, तर तिथेही तीच.

लेकीला हाक मारली. "अगं, बघ जरा, यावर काय पडलंय?"

तिने चष्मा कपाळावर चढवला, कोट नाकाला लावला. "काही नाही पडलेलं, आई. स्वच्छ आहे."

मग मी छताकडे पाहिलं, तर छतालाही काजळी.

आम्हां दोघींचे नंबर इतके मोठे आहेत की हे आमच्या चष्म्यांना सोडावॉटरच्या बाटल्या म्हणतात. बाटल्या घातल्या की जग दिसतं. काढल्या की धागा दिसतो, आणि तो असा दिसतो की चांगल्या डोळ्यांच्या माणसाला भिंगातूनही दिसायचा नाही. रफूचं काम आम्ही चष्मा काढून करतो, कापड डोळ्यापासून दोन बोटांवर धरून. एवढ्या जवळ दोन्ही डोळे एका जागी बघू शकत नाहीत, त्यामुळे एकाला सुट्टी द्यावी लागते. आमच्या घरात त्यांना नावं आहेत. एक कामाचा डोळा, दुसरा पाहुणा डोळा. माझा उजवा कामाचा, लेकीचा डावा. म्हणून खिडकीपाशी आम्ही समोरासमोर बसतो. खिडकी माझ्या उजवीकडे आली की तिच्या डावीकडे येते, भांडण नाही.

काजळी कामाच्या डोळ्यात आहे. संध्याकाळपर्यंत जाईल.

९ नोव्हेंबर

गेली नाही. काल कडेला वीज चमकल्यासारखं झालं. वळून बघितलं तर नुसती भिंत. यांना सांगितलं नाही. बस चालवून थकून येतात, आल्या आल्या माझे डोळे कुठे पुढ्यात मांडायचे. शिवाय कोट अर्धा झालाय. डाव्या कॉलरखाली, जिथे व्हायोलिन टेकतं तिथे, घासून घासून तळहाताएवढी जागा जाळीसारखी झाली आहे. काळ्यावर काळं रफू म्हणजे सगळ्यांत अवघड. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढले आहेत आणि एकेक भरत आणते आहे. मध्येच सोडलं तर हात बदलतो.

आज कापडाचा खालचा भाग दिसेना. आधी वाटलं, माझाच हात आड येतोय. हात काढला तरी तिथे सावली. चढत्या पाण्यासारखी, खालून वर.

चहाचा कप टेबलावर ठेवला म्हणून ठेवला, तो टेबलाच्या बाहेर गेला. हे समोरच होते. कपाचे तुकडे त्यांनी उचलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. "कधीपासून?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही हो, हात निसटला. "तुझा हात सुईवरून निसटत नाही, कपावरून निसटतो होय?" आणि तसेच चपला घालायला गेले.

१० नोव्हेंबर

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. बोलतात हळू, हात गार. डोळ्यात थेंब घालून, उजेड पाडून, वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा करत किती तरी वेळ तपासलं.

"डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पडदा असतो. चित्र त्याच्यावर उमटतं. तुमचा तो फाटलाय, आणि फाटल्या जागेतून पाणी मागे शिरून भिंतीपासून सुटत चाललाय."

मी विचारलं, "विरून फाटलाय, की ओढ बसून?"

त्या थांबल्या. "दोन्ही," म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

सांगितलं. मग त्या माझ्याशी माझ्याच भाषेत बोलायला लागल्या, ते मला आवडलं. एवढ्या नंबरात डोळा लांब वाढतो, आणि लांबला की आतलं-बाहेरचं सगळं ताणून पातळ होतं. एक उपाय बाहेरून पट्टी लावून टाके घालायचा, म्हणजे भिंतच आत दाबली जाते आणि पडद्याला टेकते. पण माझं बाहेरचं आवरण इतकं विरलंय की टाका घालायला गेलं तर सुई आरपार जायची. "विरलेल्याला टाका धरत नाही," मी म्हटलं. "बरोबर," त्या म्हणाल्या. म्हणून आतून करायचं. बारीक भोकं पाडून आतला जेलीसारखा बलक काढायचा, पडदा जागेवर बसवायचा, कडेने लेसरचे डाग द्यायचे आणि पोकळीत तेल भरायचं म्हणजे तो दाबून राहतो.

तेल म्हटल्यावर हे म्हणाले, "म्हणजे आता ही खरोखरच डोळ्यांत तेल घालून आमच्यावर लक्ष ठेवणार."

डॉक्टरबाई हसल्या, नर्स हसली, मीही हसले. यांना भीती वाटली की विनोद करतात. मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

"भिंगही काढावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात एक फायदा आहे. तुमचा मोठा नंबर जवळजवळ जाईल."

"आणि जवळचं?" मी विचारलं. "चष्मा काढून, असं?" हाताने दाखवलं.

"जवळचं बघायला चष्मा लागेल. सगळ्यांना लागतो तसा."

बाहेर बाकावर मी रडले. हे म्हणाले, "अगं, जन्माचा नंबर जाणार, आणि तू रडतेस?" लेकीने माझा हात घेऊन बोटांची टोकं दाबली, सुईचे घट्टे पडलेत तिथे. तिला कळलं.

निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला एवढा नंबर आहे का. हे म्हणाले, ही काय, उभी आहे. "मग हिलाही आणा तपासायला. लवकर." लेक म्हणाली, "आईचं होऊ दे आधी."

१३ नोव्हेंबर

परवा झालं. हे पाहुण्या डोळ्याने, पालथी पडून लिहिते आहे. आठवडा-दोन आठवडे असंच राहायचं, डॉक्टरबाई सांगतील तोवर. तेल हलकं असतं, वर चढतं. पाठ वर आणि तोंड खाली ठेवलं की ते वर चढून मागच्या पडद्याला टेकतं. जेवायला आणि मोरीत जायला तेवढं उठायचं. कपाळाखाली गुंडाळलेला टॉवेल, पलंगाच्या कडेबाहेर तोंड, खाली स्टुलावर वही. वही नाकापासून दोन बोटांवर. माझ्यासारखीला ही शिक्षा नाही म्हणायची, जन्मभर अशीच तर वाकून होते.

ऑपरेशनच्या वेळी जागी होते. डोळा बधिर केला, पण दिसणं पुरतं बंद झालं नव्हतं. कडेने करड्या सावल्या आत आल्या, काठ्यांसारख्या. एक नुसती उजेड धरून होती. दुसरी काहीतरी कुरतडत होती. त्या अवजारांच्या सावल्या आहेत हे मला उशिरा कळलं. आयुष्यभर मी सुईच्या या बाजूला बसले. परवा पहिल्यांदा कापडाच्या जागी होते. कापड निमूट असतं, कारण त्याला काय चाललंय ते पुरतं कळतच नसतं.

नंतर डॉक्टरबाई म्हणाल्या, "मधोमध एक बारीक भोक निघालं. तेही झाकलंय. बघू."

"बघू म्हणजे?"

"झोपा आता. पालथ्या."

१६ नोव्हेंबर

माणसं पायांवरून ओळखायला लागले आहे. यांचे पाय आले की आधी टाच वाजते. लेकीचे पाय आवाज करत नाहीत. आज ते दारात येऊन थांबले. डाव्या पायाने उंबरठा चाचपला आणि मग आत आले. मी म्हटलं, "ही काय नवीन चाल? नाचायला शिकतेस का?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून हळू चालतेय."

गुणाची पोर आहे. कोट तिने हातात घेतलाय. मी नको म्हणत होते, काळ्यावर काळं तिने अजून केलेलं नाही. पण व्हायोलिनवाल्यांचा कार्यक्रम आहे, आणि मी अशी.

दुपारी माझ्या पलंगाशेजारी जमिनीवर बसली. "आई, तुला आधी काजळी दिसली, का आधी वीज?"

"काजळी."

"आणि सावली? खालून आली ना तुझी?"

"हो. का गं?"

"अशीच. बाजूनेही येते का कोणाला?"

"डॉक्टरबाईंना विचार. येत असेल. फाटतं कुठे त्याच्यावर असणार."

किती बारकाईने विचारत होती. मला बरं वाटलं. यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही मला नेमकं काय काय दिसत होतं. यांना ते ऐकवत नाही.

१९ नोव्हेंबर

हे लिहायला लाज वाटते आहे, पण वहीत खोटं कशाला लिहू.

जेवायला उठले होते. खिडकीकडे नजर गेली. लेक माझ्या खुर्चीत बसून काम करत होती.

"माझ्या खुर्चीत का गं?"

"इथे उजेड बरा आहे."

"तिथे उजेड उजवीकडून येतो. तुझा डोळा डावा."

"सवय करतेय."

"कशाची?"

"अशीच, आई. जेव ना तू. परत पालथं व्हायचंय तुला."

मी मेले नाही, खाटेवर आहे, आणि खुर्ची भरली. मग स्वतःलाच म्हटलं, भरली तर भरली. कुणासाठी शिकवलं तिला? तरीही उपडी पडल्यावर टॉवेल ओला झाला. डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून तेही थांबवलं.

तिने कोट उजव्या डोळ्याशी धरला होता, अगदी माझ्यासारखा. मान माझ्यासारखी कलती. मागून कोणी बघितलं असतं तर मीच वाटले असते.

२३ नोव्हेंबर

तपासणी. पट्टी सोडून डॉक्टरबाईंनी उजेड पाडला आणि म्हणाल्या, "छान. पडदा बसलाय."

हे म्हणाले, "आवाज बसला की जातो, आणि पडदा बसला की येतो होय? अजब आहे."

"बसलाय म्हणजे दिसेलच असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. पण हसत म्हणाल्या. मग हात वर धरला. "किती बोटं?"

समोर गढूळ उजेड होता. मी म्हटलं, "दोन."

"आणि आता?"

"तीन."

दोन्ही बरोबर आली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. अंदाज होता, पण अंदाजही उगाच बरोबर येत नाही, काहीतरी दिसतच असणार. घरी आल्यावर मी लेकीला हसत हसत सांगितलं, या डॉक्टर लोकांची गंमत असते, पहिल्यांदा नेहमी दोनच बोटं दाखवतात, डोळा मिटूनही पास होता येईल. तीही हसली.

मधल्या भोकासाठी मला आणखी तीन आठवडे पालथं राहायला सांगितलंय. लेकीची तपासणी आजही राहिली. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. लेक म्हणाली, थेंब घातले की दिवसभर धूसर दिसतं, आईला कोण बघणार, आणि कोट द्यायचाय. पुढच्या वेळी नक्की. डॉक्टरबाईंना तिची एवढी ओढ बघून कौतुक वाटलं असावं. एक क्षण तिच्याकडे बघत राहिल्या, तेवढ्यात बाहेरून पुढच्या पेशंटला घेऊन नर्स आली.

२८ नोव्हेंबर

व्हायोलिनवाले कोट घेऊन परत आले. उंच, वाकलेले, बोलायला भिडस्त. मला पालथं बघून आणखीच संकोचले. कुठे बघून बोलावं कळेना त्यांना, शेवटी माझ्या टाचांशी बोलले. "ताई, तक्रार नाही. दिसत काहीच नाही. फक्त हनुवटीला लागतं. वाजवताना लक्ष तिथे जातं."

"माझं काम नाही ते. माझ्या लेकीचं आहे," मी म्हटलं. असं का म्हणावंसं वाटलं?

कोट खाली पसरायला सांगितला आणि पाहुण्या डोळ्याने तपासला. मी केलेला अर्धा भाग सपाट. तिचा सुरुवातीचा भागही सपाट, माझ्याहून चांगला म्हटला तरी चालेल. मग एका जागेपासून धागे वाकायला लागले. आडवा धागा एकाखालून, एकावरून जायला हवा, तो कुठे दोन ओलांडून गेलाय, कुठे तोच धागा दोनदा टोचलाय. शेवटी गाठच.

ते गेल्यावर मी तिला बोलले. फार बोलले. "लक्ष कुठे असतं तुझं? फोनमध्ये? माझ्या खुर्चीत बसलं की माझा हात येत नाही. इथपर्यंत केलंस ते कोणी केलं आणि इथून पुढचं कोणी केलं? एकाच माणसाचं वाटतं का हे?"

तिने कात्री घेतली आणि बसून सगळं उसवलं. उत्तर दिलं नाही. पूर्वी एक म्हटलं की दोन ऐकवायची.

३० नोव्हेंबर

यांना म्हटलं, पोरीचं काहीतरी चाललंय. दिवसा डोळे मिटून बसते. हाक मारली की दचकते. रस्त्याने जाताना भिंतीच्या कडेने चालते, शेजारीण सांगत होती, ओळख दाखवली नाही म्हणून. आरशासमोर उभी राहून एकदा हा डोळा झाकते, एकदा तो. जेवायला उठले की मला पलंगावरून आरशातलं तेवढं दिसतं, तिला ते माहीत नाही.

"प्रेमाबिमात पडली असेल," मी म्हटलं. "या वयात आरसाच लागतो."

"कोण असेल?"

"व्हायोलिनवाल्यांबरोबर तो तबला उचलायला मुलगा येतो, तो नसेल ना?"

हे हसले. "चष्मा लावून नीट बघितला असेल तर तो नसणार."

पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं असे हसलो. मी मनात ठरवलंही, मी उठले की तिच्याशी गोडीने बोलायचं. ओरडले त्याचं मनाला लागलंय.

आज डोळ्याला उजेड जास्त वाटला.

४ डिसेंबर

काल काय झालं ते यांनी सांगितलं तसं लिहिते, मी उपडी होते.

हे कामावरून आले. लेक खिडकीपाशी बसली होती. हे तिच्या डाव्या बाजूने गेले, अगदी लागून. तिने मान वळवली नाही. परत आले, पुन्हा डावीकडून. नाही. हे म्हणतात, "बस चालवताना कळतं गं. एखाद्याच्या आरशात आपण नसलो की तो ज्या पद्धतीने चालवतो, ते लांबून कळतं."

मग ते तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला. "किती बोटं?"

हे मी ऐकलं. मला वाटलं, माझ्या तपासणीची नक्कल चाललीय दोघांची. मी खाटेवरून हसूनही घेतलं.

"दोन," ती म्हणाली.

मग यांचे पाय माझ्या पलंगाशी आले. टाच वाजली नाही.

"माझा दुसरा हात खिशात होता," हे म्हणाले.

मी उठून बसले. उठायचं नव्हतं तरी.

५ डिसेंबर

डॉक्टरबाईंनी तिला खूप वेळ तपासलं. मी भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून खुर्चीत. त्यांच्या आवाजावरून कळतं आता मला.

"मधला भाग सुटलाय. कधीपासून दिसत होतं हे?"

"आईचं ऑपरेशन झालं त्याच सुमाराला डोळ्यापुढे काळ्या माशा उडायला लागल्या. मग डावीकडून सावली आली. मधलं नंतर गेलं. कोट करताना."

"आता काय दिसतं?"

"आई मधोमध दुमडल्यासारखी दिसते. बाबा पण."

मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"तू पालथी होतीस, आई."

"पालथी होते, बहिरी नव्हते."

"सांगितलं असतं तर तू उठून बसली असतीस."

उठलेच असते. पहिल्या दिवशी, पहिल्या घटकेला उठून तिला हाताला धरून इथे आणलं असतं, माझ्या पडद्याचं काय वाटेल ते झालं असतं. तिला ते माहीत होतं. माझा डोळा बसावा म्हणून तिने आपला सुटू दिला. आणि मी माझ्या खुर्चीसाठी रडत होते.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, मधला भाग सुटायच्या आत आली असती तर गोष्ट वेगळी होती. उद्या सकाळी पहिलं हिचं. उजव्या डोळ्यातही दोन जागा विरल्या आहेत, तिथे आजच लेसर.

"हिला पण आतून?" यांनी विचारलं.

"नाही. वय लहान आहे, आवरण अजून टाका धरेल. बाहेरून पट्टी शिवू."

कापड चांगलं आहे म्हटल्यावर मला क्षणभर आनंद झाला. माझा मला राग आला.

७ डिसेंबर

तिचं झालं. टाके धरले.

ती दुसऱ्या खोलीत कुशीवर, मी या खोलीत पालथी. दोघींचे थेंब हे घालतात. काल माझे तिला आणि तिचे मला घालायला निघाले होते. बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे मीच बांधून घेतले. रजा टाकली आहे त्यांनी. दिवसभर विनोद केलेला नाही.

व्हायोलिनवाल्यांना निरोप पाठवला, कोट न्या, तसाच. ते येऊन घेऊन गेले. हे सांगत होते, दारातच बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "लागतं म्हणायला नको होतं मी."

१० डिसेंबर

दिवसभर तिच्या खोलीचा कानोसा घेते. ती कुशी बदलते तेव्हा पलंग करकरतो. एरवी शांत.

मी किती पाहिलं होतं. उंबरठा, खुर्ची, कोट, आरसा. प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि प्रत्येक गोष्टीत मला मीच दिसले. माझी खुर्ची, माझी मान, माझा हात.

१४ डिसेंबर

माझं पालथं पडणं संपलं. बसता येतं. तिचीही पट्टी सुटली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पडदा जागेवर आहे, पाणी आटलंय, बाकी हळूहळू कळेल. हळूहळू म्हणजे काय ते आता आम्ही विचारत नाही.

दुपारी आम्ही तिघं पुढच्या खोलीत होतो. तिने तळहाताने उजवा डोळा झाकला आणि खिडकीकडे बघत राहिली.

"बाबा, हे गज मध्ये वाकलेत का?"

हे लगेच उठले. खिडकीशी जाऊन एका गजावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "हो गं. हा थोडा वाकलाय. जुनं लोखंड आहे. माणूस बोलावून सरळ करून घ्यायला पाहिजे." इतकं सहज म्हणाले, की मीही विश्वास ठेवला असता.

"एकच?"

"दोन-तीन असतील."

"सगळे दिसतात, बाबा."

हे माझ्याकडे वळले. तू पण म्हण, असा चेहरा. माझ्या डोळ्यावर चष्मा होता, पाहुण्या डोळ्याला गज स्वच्छ दिसत होते.

"गज सरळ आहेत, बाळा," मी म्हटलं.

"अगं, कशाला..." हे म्हणाले आणि थांबले.

ती खिडकीकडेच बघत होती. ओठ घट्ट. मी उठून तिच्याशेजारी बसले.

"कुठे वाकतात? बोटाने दाखव."

तिने हवेत दाखवलं. "इथे. आत ओढल्यासारखे. धागा जास्त ओढला गेला की कापड चिमटतं ना, तसे."

"कालच्यापेक्षा जास्त का कमी?"

"काल बघितलं नाही. भीती वाटली."

"आजपासून रोज बघायचं. जे दिसेल ते सांगायचं. मी जेवत असले तरी, झोपले असले तरी, पालथी पडलेली असले तरी. मी उठून बसले तर बसले."

तिने मान हलवली. मग झाकलेला डोळा उघडून माझ्याकडे वळली. "आणि तू?"

"मी काय?"

"तुला काय दिसतं, ते तू सांगतेस?"

हे गजाला धरून उभे होते. मी चष्मा काढला, पाहुणा डोळा हाताने झाकला. समोर तिची जागा होती.

"या डोळ्याने तू दिसत नाहीस मला," मी म्हटलं.

"डॉक्टरांना बोटं सांगतेस ना?" हे तिकडून म्हणाले.

"अंदाजाने."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, त्यावरून कळलं की हे बसले.

"काहीच नाही?" लेकीने विचारलं.

"उजेड आहे. खिडकी कुठे ते कळतं. कोणी हललं तर तेवढं कळतं."

"आता?"

"हात हलवलास."

"आता?"

"नाही हलवलास."

"आता?"

मी वाट बघितली. करडा उजेड होता, नुसता. उत्तर द्यायची घाई झाली, जिभेवर आलंही एक. ते गिळलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.